पाना नसला तर सांडशी: घरच्या घरी जुगाडू दुरुस्ती, खान्देशी पद्धतीने

घरात काही मोडलं की पहिला शब्द तोंडात येतो, 'सध्यापुरतं'. सध्यापुरती तार गुंडाळू. सध्यापुरता दगड लावू. सध्यापुरती सुतळी बांधू. मग हे 'सध्या' काही संपत नाही. घरात लग्न निघतं, रंगारी येतो, विचारतो, "काका, ही तार काढू का?" आणि स्वयंपाकघर, ओटा, माडी अशा तिन्ही दिशांनी एकदम ओरड येते, "हात नको लावू!" त्या तारेवर काय काय तोलून उभं आहे, हे आता घरात कोणालाच सांगता येत नाही.

म्हणून या लेखाचा नियम एकच. जुगाड तात्पुरता म्हणून करायचाच नाही. तो दहा वर्षं राहणार असं धरून करायचा. आणि जो दहा वर्षं ठेवायची भीती वाटते, तो दहा मिनिटांसाठीही करायचा नाही.

शेजारी काय म्हणतात ते माहीतच आहे.

"जिभाऊ, पाना शे का?"

"पाना कसाले जोयजे? सांडशी लई जा ना, चाली जाई."

म्हणजे पाना कशाला हवा, सांडशी घेऊन जा, चालून जाईल. जिभाऊंचं म्हणणं बरोबर आहे, पण निम्मंच. सांडशीने कुठे चालतं आणि कुठे चालत नाही, तेवढंच शिकायचं आहे.

हत्यारं: स्वयंपाकघरातून उसनी

सांडशी पातेलं धरण्यासाठी बनलेली आहे. तिने नट फिरवायला गेलं की ती घसरते, आणि प्रत्येक घसरणीला नटाचे कोपरे झिजतात. सहा कोपऱ्यांचा नट एकदा गोल झाला की मग खरा पाना आणूनही उपयोग नाही. तेव्हा सांडशीच्या दातांत सायकलच्या ट्यूबची पट्टी धरा. पकड बसते आणि नळाचं निकेल पॉलिशही ओरखडत नाही. तरीही नट हलला नाही तर जोर वाढवू नका. दोन थेंब डिझेल किंवा रॉकेल सोडा, बत्त्याने हलक्या हाताने चारही बाजूंनी ठोका आणि रात्रभर विसरून जा. गंजलेला नट हट्टाने नाही, मुरवण्याने सुटतो. खोबरेल तेल इथे कामाचं नाही. ते आट्यांत झिरपत नाही, हिवाळ्यात उलट थिजून बसतं.

बत्ता हा उत्तम हातोडा, एक दोष सोडला तर: त्याचं तोंड गोलसर. खिळ्यावर थेट मारला की खिळा वाकतो किंवा बोट सापडतं. मधे लाकडाचा सपाट तुकडा धरून मारा. वरवंट्याला मात्र सोडून द्या, त्याचे टवके उडतात. काम झाल्यावर बत्ता धुऊन जागेवर ठेवायचा. पुढच्या ठेच्यात लोखंडाचा कीस निघाला तर दुरुस्ती करणाऱ्याचं जेवण बंद होतं.

स्क्रू-ड्रायव्हरच्या जागी नाणं चालतं, पण फक्त रुंद खाचेच्या स्क्रूला. सुरीचं टोक वापरू नका. ते तुटतं, आणि तुटलेलं टोक नेमकं कुठे गेलं ते भाजी चिरताना आठवत राहतं. फुलीच्या स्क्रूचं डोकं झिजलं असेल तर ड्रायव्हर आणि स्क्रू यांच्या मधे ट्यूबचा पातळ तुकडा ठेवून दाबून फिरवा. रबर खाचेत भरतं आणि बऱ्याचदा स्क्रू सुटतो.

टेस्टर या वस्तूवर आपल्या घरांत फार अन्याय होतो. तो स्क्रू फिरवतो, रंगाच्या डब्याचं झाकण उघडतो, छिन्नी होतो, नारळाचे डोळे फोडतो. वीज तपासायची वेळ आली की मात्र आतला दिवा केव्हाच गेलेला असतो, आणि दिवा लागला नाही म्हणजे वीज नाही, असं समजून माणूस वायरला हात घालतो. एक टेस्टर फक्त टेस्टर म्हणून ठेवा. दर वेळी आधी चालू सॉकेटमध्ये घालून दिवा पेटतो का पाहा, मगच संशयाच्या जागी लावा.

बाकीचं सामान त्या डब्यातच आहे. डबा म्हणजे घरोघरी असतो तो, जुना डालडाचा: आत कुलूप नसलेल्या किल्ल्या, किल्ली नसलेलं कुलूप, कुठल्या पंख्याचे कोण जाणे असे स्क्रू. तो पेपरावर ओता. ठेवायच्या वस्तू अशा: सायकलची किंवा ट्रॅक्टरची जुनी ट्यूब, बाइंडिंग तार, दाभण आणि सुतळी, ठिबक सिंचनाच्या नळीचा हातभर तुकडा. विकत आणायचं फक्त एम-सील, टेफ्लॉन टेप, पॉलिशपेपर आणि बऱ्यापैकी पक्कड. धुळ्यात पाचकंदीलला किंवा जळगावात फुले मार्केटच्या आसपास एका फेरीत सगळं मिळतं. किल्ल्या टाकून देऊ नका. टाकल्या की दुसऱ्या दिवशी कुलूप सापडतं.

गळका नळ

नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात गळका नळ ही चैन परवडत नाही. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरा. सेकंदाला एक थेंब पडत असेल तर दिवसाला चार लिटरच्या वर पाणी जातं. बारीक धार लागली असेल तर हिशेबच नको.

आधी पाणी बंद करा. टाकीखालचा व्हॉल्व्ह बहुधा गंजून अडकलेला असतो आणि जोर केला की मूठ हातात येते. तेव्हा टाकीच्या आतूनच तोंड बंद करायचं. लाकडाची निमुळती खुंटी कापड गुंडाळून दाबून बसवा. हिवाळ्यात जाडसर गाजरही चालतं. त्याचा आकार बुचाचाच असतो आणि पाण्याच्या दाबाने ते आणखी घट्ट बसतं. वांगं वापरू नका. ते मऊ असतं, शिवाय जळगावच्या भरताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, त्याला या कामाला लावणं बरं दिसत नाही.

नळाचं वरचं डोकं सांडशी-ट्यूब पद्धतीने उघडा. आत दांडीच्या टोकाला एक रबरी चकती असते, तोच वायसर. तो चपटा, खड्डा पडलेला किंवा फाटलेला दिसेल. इथे परंपरा सांगते की जुन्या चपलेचा तुकडा कापा. परंपरेशी माझं थोडं भांडण आहे: हवाई चपलेचा तळ स्पंजासारखा मऊ असतो, पंधरा दिवसांत पुन्हा टपटप सुरू. ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर जाड आणि दाट असतं, त्याचा वायसर टिकतो. सायकलची ट्यूब असेल तर दोन-तीन थर एकमेकांवर ठेवा. जुना वायसर रबरावर दाबून ठसा उमटवा, कात्रीने ठशाच्या किंचित आतून कापा, मधे दाभणाने भोक पाडा, दांडीवर बसवा. किंचित आतून का, तर मोठा वायसर कडेला दुमडतो आणि नळ पूर्ण उघडतच नाही.

मग आट्यांवर टेफ्लॉन टेप. आटे तुमच्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, चार-पाच वेढे. उलट दिशेने गुंडाळला तर नळ बसवताना टेप उलगडत गोळा होतो. जुने लोक इथे सुताचा धागा आणि सफेदा लावत. ती रीत आजही जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी, पाइपला चांगलीच आहे, फक्त हात दोन दिवस पांढरे राहतात.

एक अट. मूठ पाव वळसा फिरवली की उघडणारा नवा नळ असेल तर त्यात वायसर नसतोच. सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. त्यावर ट्यूब, चप्पल, नवस, काहीच चालत नाही. आतला भाग तसाच नवा आणावा लागतो.

पाइप फुटला

ट्यूबची खरी करामत इथे दिसते. ट्यूब लांबीत चिरून बोटभर रुंदीची पट्टी काढा. पाइप कोरडा पुसा. फुटल्या जागेच्या चार बोटं अलीकडून सुरुवात करा, पट्टी दुप्पट ताणून प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत न्या, फुटल्या जागेवर दोन-तीन फेऱ्या जास्त घ्या, चार बोटं पलीकडे जाऊन गाठ मारा. ताणलेलं रबर स्वतःच स्वतःला आवळतं, डिंकाची गरज नाही. दोन्ही टोकांना बाइंडिंग तारेचे वेढे घालून पक्कडीने पीळ द्या. तारेचं टोक दुमडून आत दाबा, नाहीतर ते उरलेल्या आयुष्यात घरातल्या प्रत्येकाचा सदरा फाडेल.

उन्हात रबर तडकतं. वरून बारदानाचा तुकडा सुतळीने बांधला तर त्याचं वय वाढतं. काळ्या इन्सुलेशन टेपवर मात्र आपल्या हवेत विसंबू नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा टेपचा डिंक पातळ होतो, टेप सरकतो आणि हाताला चिकट काळं लागतं.

पीव्हीसी पाइप जोडायला सॉकेट नसेल तर शेतात पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांचा, जाळ करून पाइपचं तोंड फुलवतात. तसं करू नका. पीव्हीसी सुमारे ८० अंशांनाच मऊ पडायला लागतं, म्हणजे उकळतं पाणी पुरतं. पाइपचं टोक उकळत्या पाण्यात धरा, मऊ झालं की त्याच मापाचा दुसरा पाइप साबण लावून आत दाबा, गार पाणी ओता, मग पाइप काढून सोल्यूशन लावून जोडा. जाड पाइपला पाणी दोन-तीनदा बदलावं लागतं. जाळावर पाइप जळला की धुरात हायड्रोजन क्लोराइड निघतो. ओलाव्याशी मिळून त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, ते डोळ्यांत आणि घशात.

तडकलेली प्लॅस्टिकची टाकी, आणि ठिबकची नळी

गच्चीवरची काळी टाकी उन्हाने तडकते तेव्हा पहिल्यांदा तिला एम-सील फासलं जातं. दुसऱ्यांदा आणखी एम-सील. तिसऱ्यांदा एम-सीलवर सिमेंट. सगळंच पापुद्र्यासारखं निघून येतं, आणि दोष एम-सीलचा नाही. ही टाकी पॉलिएथिलीनची असते आणि पॉलिएथिलीनला जवळपास कुठलाच डिंक धरत नाही. पीव्हीसीचं सोल्यूशनही नाही. तिला चिकटवायचं नसतं, वितळवून सांधायचं असतं.

आणि सांधायला लागणारा माल खान्देशात बांधाबांधावर पडलेला आहे. ठिबकची १६ मिलिमीटरची काळी नळी आणि ही टाकी, दोन्ही एकाच जातीच्या प्लॅस्टिकची: एलएलडीपीई, पॉलिएथिलीनचाच एक प्रकार. रावेर-यावलच्या केळीबागांत बाग मोडली की जुन्या नळ्यांचे वेटोळे निघतात, त्यातला हातभर तुकडा म्हणजे टाकीची वेल्डिंग-काडी. जळगावात ठिबकचे कारखाने असल्याचा गृहिणींना झालेला हा सगळ्यात थेट फायदा असावा.

हे काम नीट केलं तर वर्षानुवर्षं टिकतं, म्हणून सगळे टप्पे लिहितो.

१. टाकी भेगेच्या खालपर्यंत रिकामी करून पूर्ण कोरडी करा. भेगेत ओल असेल तर गरम हत्याराने तिची वाफ होते आणि सांध्यात फुगे राहतात.

२. भेगेची दोन्ही टोकं शोधा. टोक दिसतं त्यापेक्षा थोडं पुढे असतं. बोटाने दाबून पाहा. दोन्ही टोकांना तापलेल्या दाभणाने एकेक बारीक भोक पाडा. हा टप्पा लोक गाळतात. भोक नसेल तर सांधल्यानंतरही भेग पुढे धावत राहते.

३. भेगेवर सुरीने उथळ खाच करा, जेणेकरून वितळलेला माल आत उतरेल. आजूबाजूची दोन बोटं जागा पॉलिशपेपरने घासा.

४. ठिबकची नळी उभी चिरून चपटी करा, अर्ध्या बोटाच्या पट्ट्या कापा. पट्ट्या धुऊन घासा. पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर नवी, न वापरलेली नळी घ्या. खत-औषध वाहिलेली नळी तिथे नको.

५. सोल्डरिंग आयर्न असेल तर उत्तम. नसेल तर जुनं लोखंडी उलथनं गॅसवर तापवा. जे उलथनं बाद करायचं ठरलेलं आहे तेच घ्या, आणि ठरलं आहे हे घरातल्या बाईमाणसांकडून आधी कबूल करून घ्या. हे प्लॅस्टिक १२० अंशांच्या पुढे वितळतं, तेव्हा उलथनं लाल करायचं नाही. धूर निघाला म्हणजे जास्त तापलं.

६. पट्टी खाचेवर ठेवा आणि गरम हत्यार पट्टी व टाकी दोघांनाही एकाच वेळी लागेल असं हळू ओढा. नुसती पट्टी वितळवून वर फासली तर ती गार झाल्यावर नखाने निघते. टाकीचा पृष्ठभागही चमकून ओला दिसला पाहिजे. बोटभर अंतर झालं की थांबा, परत तापवा, पुढे जा.

७. त्यावर आडवी दुसरी पट्टी, तशीच. मग गार होऊ द्या. पाणी ओतून घाई करू नका.

जमलं तर आतूनही एक थर द्या. आत उतरण्यापूर्वी झाकण काढून टाकीत हवा खेळू द्या आणि बाहेर एक माणूस उभा ठेवा. छोट्या तोंडाच्या टाकीत दुपारी जीव गुदमरतो.

हाच उपाय तडकलेल्या बादलीलाही लागू आहे, मात्र बादली पॉलिप्रॉपिलीनची असेल तर ठिबकची पट्टी तिला धरत नाही. तळाला त्रिकोणात ५ आकडा असेल ती पॉलिप्रॉपिलीन. तिला जुन्या बादलीचाच तुकडा लागतो.

कूलर: इथे हसणं थोडं कमी

खान्देशातला उन्हाळा कूलरवर निघतो, आणि तो कूलर बऱ्याचदा लोखंडी, स्थानिक कारागिराने बनवलेला, जुन्या घडवंचीवर किंवा विटांवर खिडकीला टेकवलेला असतो. मार्चमध्ये माळ्यावरून उतरतो तेव्हा पंप बंद, गवत कुजलेलं, आत पालीचं कुटुंब.

दुरुस्तीआधी विजेचं. लोखंडी कूलर, पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पाय या चौकडीने दर उन्हाळ्यात माणसं जातात. कूलरची पिन तीन टोकांची हवी. जाड, लांब टोक अर्थिंगचं. हिरवी वायर पिनमध्ये जोडलेली आहे का आणि दुसऱ्या टोकाला कूलरच्या पत्र्याला जोडलेली आहे का, ते पाहा. पत्र्यावर रंग असेल तिथे खरवडून मग स्क्रू आवळा, रंगातून वीज जात नाही. सॉकेटमध्ये अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या आणि जमेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. खर्च ऐकून आबा म्हणतील, "इतकी वरीस काही व्हयनं का?" आबांशी वाद घालू नका, बसवून मोकळे व्हा. पाणी भरताना पिन काढलेली पाहिजे. नुसतं बटण बंद पुरत नाही. बॉडीला टेस्टर लावल्यावर दिवा पेटला तर कूलर त्या दिवशी बंद, घरात कितीही पाहुणे असोत.

आता पंप. पंप गुणगुणतो पण पाणी चढवत नाही म्हणजे आतलं पंखं क्षारांनी धरलं आहे. आपलं बोअरचं पाणी जड, पांढरा थर बसतोच. पिन काढा, पंपाचं खालचं झाकण उघडा, पंखं काढा. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व टाकून त्यात पंखं आणि झाकण अर्धा तास ठेवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. मोटरचा भाग बुडवू नका. पाण्याच्या वाटपनळीची भोकं दाभणाने मोकळी करा. पंपावरची नळी कडक होऊन फाटली असेल तर पुन्हा ठिबक: नळीचं टोक गरम पाण्यात धरून मऊ करा, तोटीवर चढवा, गार झाली की घट्ट बसते. सैल वाटली तर तारेचा एक वेढा.

तळाला गंजून भोक पडलं असेल तर एम-सील, मात्र गंज पूर्ण घासून, पत्रा पांढरा दिसेपर्यंत. एम-सीलचे दोन्ही भाग सारखे घ्या आणि रंगाच्या रेघा नाहीशा होईपर्यंत मळा. अर्धवट मळलेलं कधीच घट्ट होत नाही. रात्रभर वाळू द्या. खडखड करणाऱ्या कूलरखाली चारही कोपऱ्यांना ट्यूबच्या दुमडलेल्या घड्या ठेवा. आवाज बराच कमी होतो, आणि मग कळतं की निम्मा आवाज खिडकीचा होता.

गळका पत्रा

भोकं शोधायची ती उन्हाळ्यात, पावसात नाही. दुपारी खोलीत अंधार करा, वर पाहा. जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे खालून खराट्याची काडी घाला. वर गेल्यावर काड्या उभ्या दिसतात. काम मात्र पहाटे करा, आणि पाय फक्त खिळ्यांच्या ओळीवर, म्हणजे खालच्या आडव्या लाकडावर पडू द्या. आडवी फळी टाकली तर आणखी चांगलं. आधाराशिवाय पत्र्यावर चालणं म्हणजे खालच्या खोलीत अनपेक्षित प्रवेश.

पत्र्यावर एम-सील का टिकत नाही? दहा फुटी लोखंडी पत्रा सकाळच्या मानाने दुपारी ४० अंशांनी जास्त तापला तर साधारण दीड मिलिमीटर लांबतो, रात्री परत आखडतो. एम-सील कडक, त्याला ही कवायत जमत नाही. डांबर जमवून घेतं. हार्डवेअरच्या दुकानात थंडच लावायचं तयार डांबर मिळतं, तेच घ्या. चुलीवर डांबर उकळणं म्हणजे पत्र्याआधी घर जाळायची तयारी. जागा घासा, पातळ थर लावा, जुन्या सुती लुगड्याचा तुकडा त्यावर चेपून बसवा, वरून दुसरा थर, वर बारीक वाळू भुरभुरा. हूकच्या नटांखाली ट्रॅक्टरच्या ट्यूबचा वायसर आणि डांबर. सिमेंटचे राखाडी पत्रे असतील तर घासणं, कापणं, भोकं पाडणं वर्ज्य; जुन्यांत अॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ छातीत बसते.

धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर असेल तर रोहिणीच्या आधी खारी माती टाकायची, नव्याचा शहाणपणा करू नये. मातीच्या धाब्यावर सिमेंटचा थर दिला की वजन वाढतं, दोघांची हालचाल वेगळी असल्याने भेग पडते, आणि आत मुरलेलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही.

सैल स्क्रू, मोडलेला कान, चिकट बोटं

दाराच्या बिजागरीचा स्क्रू नुसता फिरत असेल तर भोकात फेविकॉल लावलेल्या दोन-तीन आगकाड्या, गुल काढून, ठोकून बसवा. पऱ्हाटीची वाळलेली काडीही चालते. रात्रभर थांबा, मग स्क्रू. भिंतीत स्क्रूसाठी ठोकलेली गिट्टी सैल झाली तर गिट्टीवर ट्यूबची पातळ पट्टी गुंडाळून दाबा, हलक्या चौकटीला पुरतं. टीव्हीला नाही.

प्लॅस्टिकचा तुटलेला कान, रिमोटचं झाकण, खेळणं यांना फेविक्विक आणि खाण्याचा सोडा. भेगेत चिमूटभर सोडा भरा, वर एक थेंब. क्षणात दगड होतो आणि त्याला पॉलिशपेपरने घासताही येतं. जागा गरम होते, बोट लांब. कापूस मात्र जवळ ठेवू नका. फेविक्विक कापसावर सांडलं की वेगाने घट्ट होताना इतकं तापतं की धूर निघतो आणि कातडी भाजते. कपाशीच्या मुलखात ही सूचना बाटलीवर मोठ्या अक्षरात हवी होती. बोटं चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरा किंवा नेलपॉलिश काढायचं द्रव लावा.

या वस्तूंना हात नाही

फ्यूज. पुन्हा पुन्हा उडतो म्हणून त्यात जाड तार, आणि एखाद्या महाभागाकडे खिळासुद्धा, सापडतो. फ्यूजचं कामच आधी वितळणं आहे. तो वितळला नाही तर भिंतीतली वायर तापते, आणि ती दिसत नाही. त्या लाइनवर काय जोडलं म्हणजे उडतो, ते शोधा.

गॅसची नळी. टेप, सुतळी, एम-सील, काही नाही. गळती तपासायला साबणाचा फेस लावा, काडी नाही. भगव्या सुरक्षा नळीवर तारीख असते. पाच वर्षांनी बदला. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही, आणि बाहेर येऊन १९०६ ला फोन.

कुकरचा सुरक्षा-व्हॉल्व्ह. त्या भोकात स्क्रू बसवून वरण शिजवणारे आहेत. गॅसकेट सैल झालं असेल तर ते काही वेळ फ्रीजरमध्ये ठेवून त्या दिवसाचं जेवण निघतं. व्हॉल्व्हचं तसं काही निघत नाही.

पंखा हळू फिरतो तेव्हा तो म्हातारा झालेला नसतो, बहुतेक वेळा त्याचा कपॅसिटर गेलेला असतो. छताच्या पंख्याला साधारण २.५ मायक्रोफॅरडचा लागतो. जुन्यावर लिहिलेलाच आकडा आणा. मेन स्विच बंद करूनच बदला, आणि जुन्याच्या दोन टोकांना बोटं लावू नका, त्यात भार साठलेला असू शकतो. एवढंही नको वाटत असेल तर वायरमनला बोलवा.

फिटर आल्यावर

शेवटी कधीतरी फिटर येतोच. तो येण्याआधी जुगाड काढून लपवायची घाई होते, ती करू नका. त्याला सगळं सांगा: इथे ट्यूब आहे, तिच्याखाली एम-सील आहे, हा वायसर ट्रॅक्टरचा आहे, गाजर अजून टाकीत आहे. न सांगता त्याने पाइपला करवत लावली तर दुप्पट पाइप कापला जातो आणि मजुरीही दुप्पट.

प्रत्येक जुगाडावर केल्याची तारीख मार्करने लिहून ठेवली असेल तर हे बोलणं सोपं जातं. तारीख नसेल तर फिटर विचारतो, "हे कधी केलं होतं?" आणि काका-काकूंचं कोणत्या लग्नाच्या आधी आणि कोणत्या लग्नाच्या नंतर यावर जे सुरू होतं, त्याचाही वेळ तो मजुरीत धरतो. जाताना काढलेली ट्यूब मागून घ्या. मधला भाग तडकला असला तरी दोन्ही टोकं बहुधा चांगली असतात, वायसराला उपयोगी पडतात.